गुहेतल्या गुरूचे रोडगे

देवळी,
पौषातला सोमवार, दुपार

तीर्थस्वरूप नाना यांच्या पायांशी,

देवळीहून बबनचा वाकून नमस्कार. (वाकून हे लिहिण्यापुरतं. माझा कमरेचा पट्टा अजून सुटलेला नाही, त्यामुळे प्रत्यक्षात मी फार तर तुमच्या गुडघ्यापर्यंत पोचतो. पुढचं अंतर मनानं आलो असं समजून घ्यावं.)

इकडे सगळ्यांचं बरं आहे. तुमच्याकडचं विचारायची सोय नाही, कारण विचारलं की तुम्ही "आहे" एवढंच म्हणता आणि फोन ठेवता. "आहे" यात कर्ता कोण, हे तुम्हीच आयुष्यभर पोरांना विचारत आलात. पण तुमची सून वेदश्री आणि माझी सून मोहिनी यांची रोज सकाळी जी तार चालते, तिच्यापुढे माझी पोस्टातली सगळी नोकरी पाणी भरेल. त्या तारेवरून कळलं की दसऱ्याच्या सुमारास नागपूरला तुमच्या छातीचं जे ऑपरेशन झालं ते फर्स्ट क्लास झालं, टाके भरले, डॉक्टर म्हणाले आता रोज चौकापर्यंत चालून येत जा. आणि तुम्ही आष्टीला येऊन मागच्या खोलीचं दार लावून बसलात ते बसलातच. ओट्याची पायरी उतरला नाहीत. ताट दारापर्यंत येतं आणि बरंचसं तसंच परत जातं. कोणी काही म्हटलं तर "माझं आता झालं" म्हणता. ज्या माणसाच्या शिट्टीवर अख्खी शाळा लेझीम घेऊन उभी राहायची, त्यानं असं बसावं हे आम्हाला पाहवत नाही. तुमच्या बहिणीला, विमलला तर नाहीच. पण मोठ्यांना शिकवणारा मी कोण, तेव्हा हा विषय इथेच सोडतो.

पत्रच का, असं तुम्ही म्हणाल. कारण असं की घरातला चांगला फोन तुमच्या बहिणीच्या ताब्यात आहे. माझा बटणांचा फोन आहे, पण त्यात तुम्ही "ठेवतो" म्हणाल्यावर मला पुढचं बोलता येत नाही, आणि पत्र मध्येच ठेवता आलं तरी पुन्हा उचलता येतं. शिवाय तुम्ही वेदश्रीजवळ तक्रार केली म्हणे की विमल हल्ली कुठलंसं चिनी नाटक पाहत असते, भावाला फोन करायला तिला सवड नाही. तक्रार रास्त आहे. तिच्या वतीनं खुलासा करणं नवरा म्हणून माझं काम आहे, आणि तो तुमच्याच पद्धतीनं करतो, म्हणजे आधी गुण आणि मग दोष. क्रम कुठे बिघडला तर सांभाळून घ्या. (आमचं लग्न ठरल्यावर मी तुम्हाला लिहिलेलं पहिलं पत्र तुम्ही लाल शाईनं तपासून परत पाठवलं होतंत. तेव्हापासून आष्टीचा पत्तासुद्धा मी आधी कच्चा लिहून पाहतो.)

तर त्या मालिकेचं नाव 'बर्फीली झील की तलवार'. चिनी माणसं हिंदी बोलतात, आणि आपण नागपूरच्या बाजारात बोलतो त्यापेक्षा पुष्कळ शुद्ध बोलतात. एक उंच डोंगर आहे, डोंगरावर मठ आहे, मठात पांढरे कपडे घातलेले शेकडो शिष्य आहेत, आणि त्यांचा एक म्हातारा गुरू आहे. खाली गोठलेल्या तळ्यात एक तलवार रुतलेली आहे, ती सगळ्यांना हवी आहे. ती मिळाल्यावर तिचं काय करायचं, हे कोणाला विचारलं तरी सांगत नाहीत. नावं चिनी असल्यामुळे आमच्या गल्लीत ती कोणाच्या तोंडी बसेनात, म्हणून विमलनं आपल्या हिशेबानं ठेवली. नायकाला ती श्रीपत म्हणते, कारण तो तुमच्या श्रीपत या मावसभावासारखाच तोंडातून अक्षर काढत नाही. खलनायकाचं नाव भुवया. नायिकेला नाव नाही, ती नुसती पोरगी आहे. गुरूला मात्र विमल पहिल्यापासून गुरुजी म्हणते, आणि ते आले की डोक्यावरचा पदर सारखा करते.

हे सुरू कसं झालं तेही सांगतो. तुमचं ऑपरेशन झाल्यावर नागपूरहून आली तेव्हा तिचं कशात लक्ष नव्हतं. एकच सूप घेऊन बसायची आणि निवडलेली डाळ पुन्हा निवडायची. मोहिनीला वाटलं, आईचं मन कुठेतरी गुंतलं पाहिजे, म्हणून तिनं ही मालिका लावून फोन डब्याला टेकवून ठेवला. पहिल्या दिवशी विमल म्हणाली, "हे काय केसं मोकळे सोडून उडून राह्यले?" दुसऱ्या दिवशी सूप घेऊन फोनसमोर बसली. मग समोरच्या शकुबाई आल्या, त्यांच्या मागोमाग आणखी दोघीतिघी आल्या, आणि आता दुपारी माझ्याच ओसरीवर मला बसायला जागा नसते. मी आतल्या खोलीत पडून ऐकतो. (पडून ऐकलं तरी सगळं कळतं, कारण शकुबाई दर प्रसंगाचा अर्थ मोठ्यानं सांगतात.)

आता गुण. पहिला गुण, गुरूविषयी आदर. त्या मठात गुरू आला की सगळे कपाळ जमिनीला टेकतात, आणि तो "उठा" म्हणेपर्यंत कोणी उठत नाही. तुम्हाला हे आवडेल. दुसरा गुण, निसर्ग. बर्फ इतका खरा पडतो की विमल भर दुपारी शाल घेऊन बसते. तिसरा गुण मला सगळ्यात मोठा वाटतो. या बायका पाहायला येताना तुरीच्या शेंगा घेऊन येतात, आणि लढाई लागली की सोलण्याला असा वेग येतो की भुवया आणि श्रीपत यांच्या एका युद्धात टोपलं संपतं. प्रेमाचा प्रसंग आला की हात थांबतात, म्हणून दिग्दर्शकानं प्रेम कमी ठेवलं असतं तर गल्लीचं बरंच काम झालं असतं. चौथा गुण असा, की त्यात कोणी मेलं तरी धीर सोडायचं कारण नसतं. श्रीपत आतापर्यंत तीनदा मेला. पहिल्या वेळी विमल जेवली नाही, दुसऱ्या वेळी अर्धी भाकर खाल्ली, तिसऱ्या वेळी शकुबाईच तिला म्हणाल्या, "काऊन रडून राह्यली बाई, उद्या येते ना तो." आणि आलाही. असा भरवसा आजकाल फार कमी गोष्टींचा देता येतो.

दोष मात्र पुष्कळ आहेत, आणि ते मी पोटतिडकीनं लिहीत आहे. पहिला म्हणजे छपरावरची कवेलू. ही माणसं रात्रंदिवस छपरांवरून धावतात, उड्या मारतात, कवेलूंवर उभं राहून तलवारी चालवतात, आणि एक कवेलू फुटत नाही की सरकत नाही. आमच्या मागच्या पडवीवरून एक माकड नुसतं चालत गेलं तरी चार कवेलू खाली येतात. दर पावसाळ्याआधी शिडीवर चढून छप्पर शाकारायला माणूस मिळवताना माझा जीव जातो, (त्यातच ही कंबर गेली,) तेव्हा चीनमधली कवेलू कुठे मिळतात एवढं जरी त्यांनी शेवटी पाटीवर लिहिलं असतं तरी मी मालिकेला नावं ठेवली नसती. दुसरा दोष पांढरे कपडे. श्रीपत चिखलात पडतो, लोळतो, दरीत कोसळतो, आणि उठतो तेव्हा धोब्याकडून आल्यासारखा. आपल्या काळ्या मातीत त्याला एकदा कापसाच्या वेचणीला पाठवला पाहिजे. तिसरा दोष शेती. एवढ्या शेकडो शिष्यांचं खाणं कुठून येतं? कोणी पेरताना दिसत नाही, निंदताना दिसत नाही, एक बैल दिसत नाही. सगळे नुसते चहा पितात, आणि त्यातही दूध नाही.

पण हे झाले वरवरचे. मुख्य दोष असा की या मालिकेत कोणी कोणाला काही सांगतच नाही. गुरुजींच्या पेल्यात विष टाकल्याचा आळ श्रीपतवर आहे, पण ते टाकलं होतं भुवयांनी. श्रीपतला हे ठाऊक आहे, पोरीला ठाऊक आहे, आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. श्रीपतनं एक वाक्य बोलायचा अवकाश, सगळं आठवड्यात मिटलं असतं. तो बोलत नाही. बर्फात उभा राहतो, ओठांच्या कडेनं रक्त येतं, ते पुसतो आणि "मैं ठीक हूँ" म्हणतो. "सांग ना बापा एकडाव," असं शकुबाई फोनला हात जोडून सांगतात, पण त्याच्यावर परिणाम होत नाही. माझं म्हणणं असं की ज्या घरात माणसं मनातलं बोलत नाहीत त्या घराच्या मालिका होतात.

आणि आता तो गुहेचा भाग. याच्यामुळेच मला हे पत्र लिहावं लागलं. झालं असं की भुवयांनी गुरुजींच्या छातीवर बर्फाचा पंजा मारला. मोठं दुखणं आलं. मग मठाचा वैद्य आला, त्यानं सुया टोचल्या, काढे पाजले आणि सांगितलं की धोका टळला, आता हळूहळू हिंडाफिरायला लागा. गुरुजींनी काय करावं? उठले, डोंगराच्या पोटातल्या गुहेत गेले आणि आतून शिळा लावून घेतली. म्हणे माझा काळ संपला, आता मला बोलवू नका. झालं. पुढचे कितीतरी भाग आम्ही ती शिळा पाहत होतो. शिष्य बाहेर उभे. थाळी ठेवतात, थाळी तशीच परत जाते. बर्फ पडतो, पुन्हा शिळा. इतका शिकलेला, शेकडो शिष्यांना धीर देणारा माणूस बरा झाल्यावर असा दार लावून बसेल, हे मला काही पटलं नाही. हा मी सरळसरळ लेखकाचा दोष धरतो. गल्लीतल्या बायकाही कंटाळल्या, शेंगा सोलणं मंदावलं, दोघी तर यायच्याच बंद झाल्या. विमलची मात्र त्या शिळेवरून नजर हलेना. ओठांतल्या ओठांत काहीतरी बोलत बसायची.

अशात एका शनिवारी संध्याकाळी ती शकुबाईंना घेऊन मारोतीला गेली, हात जोडून बराच वेळ उभी राहिली आणि नवस बोलून आली. नवस कसला, तर रोडग्यांचा, तोही साधासुधा नाही, अख्ख्या गल्लीला जेवण. कशासाठी, असं शकुबाईंनी रस्त्यातच विचारलं. तर ही म्हणाली, "गुरुजी गुहेतून बाहेर आले पाहिजे म्हणून." दिवे लागायच्या आत गल्लीला कळलं, आणि सकाळी बसस्टँडपर्यंत पोचलं. एका चिनी म्हाताऱ्यासाठी, जो मुळात नट आहे आणि जो शूटिंग संपवून केव्हाच घरी गेला असेल, त्याच्यासाठी देवळीत गोवऱ्यांवर रोडगे भाजले जाणार. नाना, मी आयुष्यभर अब्रूनं राहिलेला माणूस आहे. या तालुक्यात मला अजून लोक पोस्टाचे मास्तर म्हणून नमस्कार करतात. आता चहाच्या टपरीवर मला 'चायनावाले मास्तर' म्हणतात. विमल बाजारात गेली की वांगी विकणारी विचारते, "काय बाई, आले का तुमचे गुरुजी?" पोरंटोरं विचारतात. ही रागावत नाही. हसते, "येतीन ना," म्हणते आणि वांगी निवडते.

मंदिराची व्यवस्था पाहणारे अण्णाजी तर मुद्दाम घरी आले. त्यांना शंका अशी की चीनमधल्या कामाचा नवस आपल्या मारोतीला बोललेला चालतो का, त्याची हद्द तिथपर्यंत लागते का. दोन कप चहा होईपर्यंत आमची चर्चा झाली. शेवटी त्यांनीच निकाल दिला की मारोतीराय हिमालयातून डोंगर उचलून आणायला गेले होते, म्हणजे तो सगळा मुलूख त्यांच्या पायाखालचा आहे, आणि थोडं पलीकडे जायला त्यांना काही वाटणार नाही. मीही मान हलवली. एवढ्या चर्चेत हसावं की रडावं हे मला ठरवता आलं नाही.

बरं, नवस पावला. मागच्या महिन्यात गुरुजी बाहेर आले. शिळेला तडा गेला, धूर निघाला, संगीत वाजलं, आणि दाढी हातभर वाढलेली घेऊन गुरुजी उन्हात आले. ओसरीवर टाळ्या पडल्या. शकुबाईंनी नारळ फोडला, (माझ्याच उंबऱ्यावर, आणि पाणी माझ्या चपलेत गेलं). शेकडो शिष्यांनी कपाळ टेकलं, श्रीपतनं तलवार पायाशी ठेवली, गुरुजींनी लगेच भुवयांवर चाल करून जायचा हुकूम दिला. सगळे खूश. विमलनं मात्र डोळे पुसले आणि सूप उचललं. म्हणाली, "इतक्या दिवसानं माणूस बाहेर आला, अन् एकानं इचारलं नाई जेवला काय म्हणून." आणि आत निघून गेली. तिच्या मते या मालिकेचा सगळ्यात मोठा दोष हा. मी माझ्या यादीत घेतला नव्हता, पण तुमच्या माहितीसाठी लिहितो.

यानंतर कोणीही काय समजेल? काम झालं, नवस फेडायचा. मी स्वतः गोवऱ्या आणून पडवीत रचल्या, रोडग्यांसाठी गहू जाडसर दळून आणला, बरोबरच्या भाजीला वांगी सांगून ठेवली. ही म्हणते, "थांबा." शनिवार गेला. दुसरा शनिवार आला, मी पुन्हा वांगी आणली. ही म्हणते, "अजून नाई." त्या वांग्यांचं भरीत झालं. नंतरच्या शनिवारच्या वांग्यांचंही भरीतच झालं, आणि आता मला स्वप्नात भरीत दिसतं. का थांबायचं ते सांगत नाही. गल्लीत कुजबूज सुरू झाली की विमलाबाई नवस बोलायला उदार आणि फेडायला कंजूष. अण्णाजी जाता येता घसा खाकरतात. मी तिला परोपरीनं समजावलं, की बाई, मनीऑर्डर पोचली, पैसे हातात पडले, आता पावतीवर सही करायची राहिली आहे, देवाला असं दारात उभं ठेवत नाहीत. ती गोवऱ्या उन्हात घालते आणि संध्याकाळी पुन्हा आत रचते. 

म्हणून तुम्हाला लिहितो. ती माझ्या शब्दाबाहेर आहे, हे तुम्ही लग्नातच मला सांगितलं होतं, पण तुमच्या शब्दाबाहेर ती कधी गेली नाही. तर कृपा करून तिला चार ओळींचं खरमरीत पत्र लिहा, हवं तर लाल शाईनं लिहा, की बोललेला नवस फेड आणि नवऱ्याची अब्रू राख. खोलीत बसल्या बसल्या होण्यासारखं काम आहे, पायरी उतरायची गरज नाही. एवढं झालं की तिनं मालिका पाहावी, फोन धरून ठेवावा, माझी काही हरकत नाही.

वेदश्रीला आणि घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद. औषधं वेळेवर घ्यावीत. पत्रातल्या चुकांना मी आणि ही कंबर दोघेही जबाबदार आहोत.

तुमचा,
बबन

ता. क. : मंगळवार, सकाळ. पत्र काल संपलं होतं, पण पाकीट बंद केलं नव्हतं. माहेरी जाणारं पत्र विमलला वाचून दाखवल्याशिवाय बंद होत नाही, हा या घरातला जुना नियम आहे. सकाळच्या चहाला वाचलं. कवेलूंना ती हसली, भुवयांना हसली, चपलेतल्या पाण्याला फारच हसली. गुहेपाशी आलो आणि तिनं कप खाली ठेवला. पुढचं मी वाचत राहिलो. शेवटची ओळ झाल्यावर तिनं माझ्या हातातला कागद काढून घेतला आणि म्हणाली, "तुमाले खरंच वाटलं का, मी त्या चिन्यासाठी रोडगे बोलली?"

नाना, मी चाळीस वर्षं या बाईबरोबर राहिलो आणि मला खरंच वाटलं होतं. तिनं नवस तुमच्यासाठी बोललेला आहे. भाऊ खोलीतून बाहेर येऊ दे, ओट्याची पायरी उतरू दे, एवढंच तिनं मारोतीला सांगितलं. पण ऑपरेशनच्या आधी तुम्ही सगळ्यांना बजावून ठेवलं होतं की माझ्या दुखण्याचा डांगोरा नको, नात्यात नको, गल्लीत तर नकोच. मग शकुबाईंनी विचारलं तेव्हा ती काय सांगणार? मालिका डोळ्यांसमोर होती, तिनं गुरुजींचं नाव सांगून टाकलं. मी म्हटलं, अगं पण सगळं गाव तुझ्यावर हसलं. तर म्हणाली, "माह्यावर हासले तं हासू दे. भाऊचं समजलं असतं तं 'बिच्चारे' म्हणत बसले असते, ते त्याले चाललं नसतं." मालिकेतले गुरुजी बाहेर आले त्या दिवशी तिला आनंद झाला तो एवढ्याचसाठी, की असं होऊ शकतं हे दिसलं. नवस मात्र फिटला नाही, कारण ज्याच्यासाठी बोलला तो अजून आतच आहे. आणि फोन ती करत नाही, कारण तुम्ही "माझं झालं" म्हणता आणि मग तिला दिवसभर घास उतरत नाही.

तेव्हा वरची माझी विनंती रद्द समजावी. तिला खरमरीत पत्र लिहू नका. खरी विनंती अशी आहे. तुमच्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे, ज्याच्यासाठी नवस बोलला त्यानंच पहिला रोडगा मोडायचा. लहानपणी तुम्हाला विषमज्वर झाला होता तेव्हा आईंनी बोललेले रोडगे तुम्हीच मोडले होते, आणि तूप सगळं तुम्हीच खाल्लं, असं विमल अजून सांगते. येत्या शनिवारी तुमचा भाचा रोशन वर्ध्याहून गाडी घेऊन तुमच्याकडे येईल. (त्याला मी सांगितलं आहे की हळू चालव, मामाला खड्डे लागता कामा नयेत. तो म्हणाला, बाबा, मग आर्वीचा रस्ता सोडून उडतच यावं लागेल.) तुमच्या बोळात गाडी ओट्यापर्यंत येत नाही हे मला ठाऊक आहे. ती चौकात थांबेल. चौकापर्यंत तुम्हाला डॉक्टरांनीच चालायला सांगितलं आहे, तेव्हा आम्ही त्यांच्या आज्ञेबाहेर काही मागत नाही.

आणि ऑपरेशनचं गल्लीत कोणाला कळणार नाही, ही माझी जबाबदारी. लोकांनी विचारलं तर एवढंच सांगू की गुरुजी आले. हे खोटंही नाही, सगळी आष्टी तुम्हाला त्याच नावानं हाक मारते. शकुबाई नारळ घेऊन उभ्या राहतील, तेव्हा चपला जरा बाजूला काढाव्यात.

ता. क. दुसरी : वरचं पत्र फाडून नवं लिहावं असं मनात आलं होतं. पण खाडाखोड करणारा पोरगा तुम्हाला कधी आवडला नाही, म्हणून जसं आहे तसं पाठवतो. फक्त एक दुरुस्ती करून वाचावं. शिकलेला माणूस बरा झाल्यावर असा दार लावून बसणार नाही, हा दोष मी लेखकाच्या नावावर धरला होता. तो मागे घेतो. त्या चिनी लेखकाला माणसांची पारख आहे. मनातलं न बोलण्याचा जो दोष मी श्रीपतला लावला, तोही जरा सौम्य करावा, कारण आता पाहतो तर तो आमच्या घरातच निघाला. कवेलूंचा दोष कायम.

ता. क. तिसरी : खाली जागा उरली आहे, विमल म्हणते मले लिहू द्या. शुद्धलेखन तपासू नये.

भाऊ, मी तुले रोज फोन करीन म्हणते अन् मंग नाई करत, तू राग मानू नको. तुह्यावानी तो चिनी गुरुजी बी आधी नाईच म्हणून राह्यला होता, पण आला ना बाहेर. तू बी येजो. एकटा नको उतरू, वेदश्रीचा हात धरजो, त्याच्यात काई कमीपणा नाई. गोवऱ्या मी रोज उन्हात घालून ठेवल्या, कोरड्या खणखणीत आहेत. वांगे आणून आणून हे थकले, आता तू आल्यावरच आणीन. अन् एक ध्यानात ठेवजो. घरून जेवून येऊ नको.

विमल